मोबाईलवरची वेदना : सांगणारा कोण, दाखवणारा कोण?

गेल्या पावसाळ्यात फैजपूरच्या एस. टी. स्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना तीन मते माझ्या कानावर पडली. पहिले मत केळीच्या एका व्यापाऱ्याचे होते. ते म्हणाले, "मोबाईल आता फुकटासारखाच झाला, गरिबातल्या गरिबालाही परवडतो." दुसरे एका तरुण प्राध्यापकाचे, "मोबाईलमध्ये जात नाही, तिथे सगळे सारखे." तिसरे एका निवृत्त गुरुजींचे, "अडाण्याच्या हाती मोबाईल गेला आणि समाज बिघडला." तिघेही सज्जन आहेत आणि तिघांशी माझे जाणे-येणे आहे. ही मते त्यांची एकट्याचीही नाहीत. यावल-रावेरच्या कोणत्याही पारावर ती ऐकू येतात आणि आपल्या वस्तीतली माणसेही ती बोलून दाखवतात.

आपण कथा-कवितांची समीक्षा करतो, मतांची सहसा करत नाही. वस्तुतः मत हेही एक विधानच असते. ते कोणी केले, कुठे उभे राहून केले, त्यात कोणाला गृहीत धरले आणि कोणाला वगळले, हे तपासता येते. या तीन मतांची तशी तपासणी करण्याचा माझा येथे प्रयत्न आहे. कारण ही मते जशीच्या तशी स्वीकारली तर दलित साहित्याने मोठ्या कष्टाने मिळवलेली एक गोष्ट आपल्या हातून निसटेल, अशी मला भीती वाटते.

पहिले मत किमतीविषयी आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला, तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे मोजावे लागत. येणारा कॉल २००३ साली फुकट झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, काही महिने सारेच मोफत मिळाले आणि इंटरनेट खेड्यापाड्यांत पोचले. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढचा हिशेब व्यापारीमित्र सांगत नाहीत. २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाने नंबर चालू ठेवण्यासाठी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लावला. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा अमर्याद कॉलचा सर्वांत स्वस्त रिचार्ज १७९ वरून १९९ रुपयांवर गेला. ३५ रुपयांत बोलायला फारसे मिळत नसे, १९९ रुपयांत बोलणे अमर्याद होते, हे खरे. पण केळी कापणाऱ्या टोळीतल्या मजुराला अमर्याद बोलायचे नसते. त्याला संध्याकाळी मुकादमाचा एक फोन घ्यायचा असतो. असाच एक मजूर मला म्हणाला, "दादा, फोन लागला नाही त मुकादम दुसऱ्याले सांगते."

महिना तीस दिवसांचा आणि रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. १९९ गुणिले १३ म्हणजे २,५८७ रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या हिशेबाने एका फोनसाठी वर्षाला जवळजवळ नऊ दिवसांची मजुरी जात होती. घरात तीन फोन असतील तर सव्वीस दिवसांची, म्हणजे कामाचा एक महिनाच गेला. दूरसंचार नियामकाच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये फक्त बोलण्याचे वेगळे रिचार्ज आले खरे, पण मोठ्या कंपन्यांचे ते रिचार्ज ८४ दिवसांचे आणि एकरकमी चारशेच्या वरचे होते. ज्याची मजुरी आठवड्याला हातात पडते त्याला चारशे एकदम काढणे जमत नाही. तो लहान रिचार्ज घेतो आणि एका दिवसामागे जास्त पैसे मोजतो. किराणा पावशेर-पावशेर घेणाऱ्याला तो नेहमीच महाग पडला आहे, तोच हा व्यवहार आहे.

शिवाय ही आता हौस राहिलेली नाही. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाईलच्या ॲपवर फोटो काढून घेणे सक्तीचे झाले. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर ओटीपी हवा आणि ओटीपीसाठी नंबर जिवंत हवा. जी वस्तू घेतल्यावाचून हक्क मिळत नाही तिला स्वस्त म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे. तो एक कर आहे, आणि गरिबाच्या उत्पन्नातून त्याचा वाटा श्रीमंतापेक्षा मोठा जातो.

आता दुसरे मत. मोबाईलमध्ये जात नाही. १६ मे २०१५ रोजी शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. तो नर्सिंगचा विद्यार्थी होता. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांवरील गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून भांडण उकरून काढून त्याला मारण्यात आले, असे त्या प्रकरणातील तक्रार सांगते. मोबाईलमध्ये जात नसेल तर ती रिंगटोन कोणाला आणि का खुपली? खिशातून वाजलेल्या दोन कडव्यांनी त्याची जात जाहीर केली, एवढेच नव्हे तर ती ताठ मानेने जाहीर केली, हे सहन झाले नाही.

आपल्या जळगाव जिल्ह्यातील प्रकरण तर अधिक विचार करायला लावणारे आहे. जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातील वाकडी येथे मातंग समाजाची दोन अल्पवयीन मुले एका विहिरीत पोहली. त्यांना नग्न करून पट्ट्याने मारले गेले. महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतल्याला तेव्हा एक्क्याण्णव वर्षे झाली होती. या मारहाणीचे मोबाईलवर चित्रण झाले आणि ते गावोगाव फिरले. त्यातूनच प्रकरण उघडकीला आले, गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या. मोबाईलवाचून हे घडले नसते, असे माझे काही मित्र म्हणतात आणि ते बरोबर आहे.

पण मला येथे एक वेगळा प्रश्न विचारायचा आहे. ती चित्रफीत ही काय चीज आहे? तिला एक रचना म्हणून पाहिले तर तिचा निवेदक कोण? कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा आहे? दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयात काय केले, ते आठवावे. तोवर दलिताचे दुःख दुसरे कोणी लिहीत होते, दयेने वा कुतूहलाने. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले आणि ज्याने भोगले तोच सांगू लागला. किती सांगायचे, काय झाकायचे, कोणाकडे बोट दाखवायचे, हे त्याने ठरवले. वेदनेवर भोगणाऱ्याची मालकी प्रस्थापित झाली. आपल्या साहित्याचे हे मला सर्वांत मोठे काम वाटते.

वाकडीच्या चित्रफितीत ती मुले काहीच ठरवत नाहीत. काय दिसावे, किती वेळ दिसावे, कोणाला दिसावे, यातले काहीही त्यांच्या हाती नाही. जी वेदना आपण 'सांगणाऱ्याची' केली होती ती येथे पुन्हा 'दाखवणाऱ्याची' झाली. आणि दाखवणाऱ्यांत पुढे आपणही सामील झालो. मुलांची ओळख उघड होईल अशी चित्रफीत प्रसृत केल्याबद्दल राज्याच्या बालहक्क आयोगाने राहुल गांधींना नोटीस पाठवली. ती बातमी सर्वांनी वाचली. परंतु आपल्यापैकी किती जणांनी ती चित्रफीत पुढे ढकलली, याचा हिशेब कोणी मागितला नाही.

माझ्यापुरते बोलायचे तर मी ती सात जणांना पाठवली. संतापाने पाठवली. त्या मुलांचे चेहरे झाकले आहेत की नाहीत, हे मी पाहिलेसुद्धा नाही. दोन दिवसांनी वस्तीतल्या एका आईने मला विचारले, "सर, ती पोरं आता शाळेत कशी जातील?" तिच्या प्रश्नाने माझा संताप खाली बसला आणि त्याच्या जागी लाज आली. पुरावा म्हणून ती चित्रफीत पोलिसांकडे जायला हवी होती, वकिलाकडे जायला हवी होती. माझ्या सात मित्रांकडे जाण्याचे काहीच कारण नव्हते. त्यांना चार ओळी लिहून कळवता आले असते. मी लिहिणारा माणूस असून लिहिले नाही, नुसते दाखवले.

तिसरे मत गुरुजींचे. अडाण्यांच्या हाती मोबाईल गेला म्हणून अनर्थ झाला. याला ते दाखला देतात राईनपाड्याचा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तेथे आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे होते, पोटासाठी खानदेशात आले होते. मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश त्या सुमारास व्हॉट्सॲपवर सर्वत्र फिरत होते.

मारणारे वंचित आणि मरणारेही वंचित, ही गोष्ट आपण झाकू नये. ती झाकली तर आपल्या विचारात खोट राहील. पण 'अडाणी' हा शब्द मला मान्य नाही. तेच संदेश त्या दिवसांत शिक्षकांच्या गटांतून माझ्याकडे आले होते, उत्तम शुद्धलेखनात. राईनपाड्याच्या माणसाने संदेशावर विश्वास ठेवला कारण तो संदेश त्याच्या मनात आधीपासून असलेल्या संशयाशी जुळला. भटका म्हणजे संशयित, हा समज १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी कागदावर आणला. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण समज राहिला, आणि यादीत नसलेल्या भिक्षेकरी जमातींनाही त्याने गाठले. मोबाईलने या जुन्या संशयाला वेग दिला. तो निर्माण केला नाही. गुरुजींच्या मतात हे दीडशे वर्षांचे पाप गळून पडते आणि सारा दोष एका निरक्षर हातावर येतो.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच जणांपलीकडे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. मर्यादा चांगलीच होती. परंतु ती ठरवली परदेशातील एका कंपनीने. उद्या ती मर्यादा वाढवायची की काढायची, हेही तीच ठरवणार. यावरून मला या तिन्ही मतांच्या मुळाशी असलेला प्रश्न दिसतो, तो मालकीचा.

आमच्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, नंदलाल बोस यांनी बांबूच्या सजावटीने नगर उभे केले होते. त्याचा अभिमान येथे प्रत्येकाला आहे आणि तो असावा. पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपदाचे निमंत्रण दिले, त्यांचे भाषण वाचून धास्तावले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते न केलेले भाषण मे महिन्यात स्वखर्चाने छापले. तेच 'जातिभेदाचे निर्मूलन'. व्यासपीठ दुसऱ्याचे असेल तर ते काढून घेतले जाते, हा अनुभव त्यांना नवा नव्हता. १९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणून त्यांनी वृत्तपत्रे काढली, छापखाना उभा केला.

आज आपल्या तरुणांना कोणी नकार देत नाही. संपादकाची परवानगी न घेता हजारो लोकांपर्यंत जाता येते आणि हा बदल मी लहान मानत नाही. पण ती जागा २८ दिवसांच्या भाड्याची आहे. वस्तीतली एक मुलगी महाविद्यालयात शिकते. ती फुटक्या काचेच्या मोबाईलवर कविता लिहीत असे. वडील आजारी पडले, रिचार्ज थांबला, फोनही बिघडला, काही महिन्यांनी नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावावर गेला. ती मला म्हणाली, "सर, नंबर गेला ना, त कविताबी गेल्या." तिने हे फार दुःखाने सांगितले नाही. कविता जाण्यासारखी वस्तू आहे, असेच तिला वाटत होते.

मला बेबी कांबळे आठवल्या. फलटणला आपल्या लहानशा दुकानात बसून त्यांनी लिहिले आणि ते लिखाण अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. कागद लपवता आला, म्हणून तो टिकला. त्याला कोणी दर महिन्याला भाडे मागितले नाही. त्या मुलीजवळ तसा कागद असता तर तिच्या कविता आज माझ्यासमोर असत्या.

मोबाईल टाकून द्या, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे मजुराला कामावर जाऊ नको म्हणणे होय. माझे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. अत्याचाराची चित्रफीत हाती आली तर ती पोलिसांकडे आणि वकिलाकडे द्यावी, गटांत फिरवू नये. सांगायचे असेल तर शब्दांत सांगावे, आणि शक्यतो ज्याने भोगले त्याला सांगू द्यावे. मोबाईलवर लिहिलेली कविता त्याच रात्री वहीत उतरवावी, आणि आपल्या नियतकालिकांनी अशा वह्या मागवून घ्याव्यात. वस्तीतल्या वाचनालयाने लिहिणाऱ्या मुलांच्या रिचार्जचा खर्च उचलला तर तोही साहित्यावरचाच खर्च समजावा.

त्या मुलीला मी दोनशे पानी वही दिली आहे. आठवतील तेवढ्या कविता ती त्यात लिहीत आहे. आतापर्यंत चार झाल्या.