प्रकाशवस्त्र आणि रोगनामे

शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे रूपक येते. त्यात शब्दरचना हे त्या देवतेचे वस्त्र आणि साहित्य हा त्यातील तलम, उजळ वाणा अशी कल्पना आहे. हे वस्त्र अर्थाने उजळते. त्याच्या तेजाचे मोजमाप कोणी मागत नाही. आता त्वचेच्या व केसांच्या जुनाट विकारांवर उपचार म्हणून खरोखरीच प्रकाश देणारी वस्त्रे सिद्ध होऊ लागली आहेत. त्यांचे वर्णन करताना मराठीला रूपकाचा मोह होणे स्वाभाविक असले, तरी येथे तो दोष ठरतो.

प्रथम ‘प्रकाश’ हा शब्दच घ्यावा. नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मुख्यतः त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचाराबद्दल. आज कोडावर योजली जाणारी सुमारे ३११ नॅनोमीटरची किरणे अतिनील, म्हणजे डोळ्यांस न दिसणारी आहेत. केसांसाठी योजतात ती सुमारे ६५० नॅनोमीटरची, तांबडी. अर्थात वस्त्र किती झळकते यावरून त्याचा गुण ठरत नाही. तरंगलांबी, मात्रा व अवधी न सांगता केवळ ‘प्रकाशोपचार’ म्हणणे पोकळ होय.

रोगनामांची गुंतागुंत याहून गंभीर आहे. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ ही अनेक त्वग्रोगांची संज्ञा. तीत सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे येतात. तिच्यापासूनच प्राकृत ‘कोढ’ व मराठी ‘कोड’ आले. पुढे ‘कुष्ठरोग’ हे नाव एका जंतुजन्य रोगास, तर ‘कोड’ हे त्वचेचा रंग जाण्याच्या विकारास रूढ झाले. परंतु नावांचे नाते सुटले नाही, आणि मुळीच संसर्गजन्य नसलेल्या कोडाला परक्या रोगाची भीती चिकटली. ठरलेली लग्ने मोडतात ती या भीतीपायी.

केसांच्या बाबतीत याच्या उलट घडते. ‘चाई’ आणि ‘टक्कल’ हा भेद मराठीत पूर्वापार आहे. ‘केसगळती’ या आजच्या शब्दात तो बुडतो. अमेरिकेत २००७ साली लेसर-कंगव्यास विक्रीची अनुमती मिळाली, ती पुरुषांच्या आनुवंशिक टकलासाठी. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केशमुळांवर उलटते. हा भेद पुसला गेला, तर रोगी आपल्या विकारासाठी नसलेले साधन विकत घेईल.

म्हणून परिभाषा घडविताना चाईसारखे नेमके जुने शब्द राखावेत, ‘कोड’ व ‘कुष्ठरोग’ यांतील अंतर दर वेळी स्पष्ट करावे आणि किरणांचा प्रकार नावातच सांगावा. रूपकातील वस्त्राचे तेज अनुभवावयाचे असते. उपचाराच्या वस्त्राचे मोजावयाचे असते.