रुग्णसाक्षरतेच्या कसोट्या आणि लिपी

रुग्णाची वाचनक्षमता आणि त्याचे आरोग्य यांचा संबंध आता वादाचा राहिलेला नाही. अमेरिकेतील दोन सार्वजनिक रुग्णालयांतील २,६५९ रुग्णांची पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. औषध रिकाम्या पोटी घेण्याविषयीची लेखी सूचना त्यांपैकी ४१.६ टक्के रुग्णांना कळली नव्हती. प्रश्न आहे तो ही क्षमता मोजावी कशी, हा.

१९९३ साली संक्षिप्त रूपात पुढे आलेली ‘रेल्म’ ही कसोटी ६६ वैद्यकीय शब्द रुग्णाकडून मोठ्याने वाचून घेते. उच्चार बरोबर आला की गुण. अर्थ विचारलाच जात नाही. इंग्रजीत हे काही अंशी चालून जाते, कारण तेथील वर्णलेखन इतके अनियमित आहे की अपरिचित शब्दापाशी वाचक बहुधा अडखळतो. देवनागरीत मात्र केवळ अक्षरओळख असलेला मनुष्य ‘मूत्रपिंडदाह’ अस्खलित वाचून दाखवील आणि काहीही न उमजता घरी जाईल. उलटपक्षी ‘बी.पी. वाढलंय’ हे निरक्षर आजीबाईंनाही कळते.

स्पॅनिशचे लेखनही असेच उच्चारानुसारी. म्हणूनच त्या भाषेसाठी २००६ साली सिद्ध झालेल्या कसोटीत ५० शब्दांच्या वाचनाबरोबर प्रत्येकाचा अर्थसंबंधी शब्द निवडण्याची अट घातली गेली. मराठीने अनुकरण करावयाचे तर हिचे. तथापि शब्दनिवडीचा प्रश्न उरतोच. यादीत ‘मूत्रपिंड’ घ्यावा की ‘किडनी’? कोशनिष्ठ यादी रुग्णाची आरोग्यविषयक जाण न मोजता संस्कृतप्रचुर मराठीशी त्याचा किती परिचय आहे, एवढेच मोजील. आणि औषध कोणाला पुन्हा समजावून सांगावयाचे, हे त्याच गुणांवरून ठरेल.