जुन्या मोटारींचीं मापकयंत्रें : अस्सल, तालीक व बनावट

जुना कागद हातीं आला म्हणजे अस्सल, तालीक व बनावट असा भेद करून मगच त्याचा उपयोग करावा, हा दंडक आमच्या वाचकांस सांगावयास नको. कागद, शाई, मोडीचें वळण, मायना, शिक्का व तिथिवार यांची साक्ष परस्परांशीं जुळल्यावांचून कोणी पत्र ग्राह्य धरीत नाहीं. परंतु तोच संग्राहक जुन्या मोटारीचा वेगमापक किंवा तेलाच्या दाबाचें मापकयंत्र विकत घेतांना "जुनें दिसतें, सबब अस्सल" एवढ्याच प्रमाणावर संतुष्ट होतो. हें प्रमाण किती दुर्बळ आहे, तें येथें दाखवावयाचें आहे.

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावरील दिघीसारख्या गांवीं खाऱ्या हवेंत ठेवलेलें नवें पितळी कडें दोनचार पावसाळ्यांत हिरवें पडतें; पोलादी स्क्रूंस तर एक पावसाळाही पुरतो. गंज हवेची साक्ष देतो; काळाची देतोच असें नाहीं. शिवाय मीठ व नवसागर यांच्या योगें असा रंग मुद्दाम आणतां येतो.

सबब पुरावा अन्यत्र शोधला पाहिजे. प्रथम स्क्रू पाहावे. चौफुलीच्या खांचेचा फिलिप्स स्क्रू मोटारधंद्यांत इ. स. १९३६ च्या सुमारास आला. १९२५ च्या म्हणविणाऱ्या यंत्रांत तो आढळल्यास त्या यंत्रास मागाहून हात लागला, किंवा तें मागाहून बनलें, हें उघड आहे. यांपैकीं कोणतें, हें एकट्या स्क्रूवरून ठरवूं नये. अस्सल पत्राच्या पाठीवरही उत्तरकालीन शेरा असतोच. दुसरें, मुलामा. क्रोमचा निळसर मुलामा मोटारींवर १९२५ नंतर रूढ होत गेला. तत्पूर्वीं पिवळसर झांकीचा निकेल असे. तिसरें, तबकडी भिंगाखालीं धरावी. अक्षरें बारीक ठिपक्यांचीं बनलेलीं दिसलीं, तर ती हल्लींच्या छपाईची नक्कल समजावी. चौथें, अंधारांत चमकणारे आंकडे. जुन्या तबकड्यांवर रेडियमयुक्त रंग लावीत. रेडियमचा अर्धायुःकाल सुमारें १६०० वर्षांचा असला, तरी त्या रंगांतील झिंक सल्फाइड कांहीं दशकांतच निकामी होतें. म्हणून अस्सल आंकडे बहुधा तपकिरी व निस्तेज असतात. किरणोत्सर्ग मात्र चालूच असतो व तो मोजतां येतो. जो आंकडा रात्रभर लख्ख चमकतो, तो अलीकडचा. अशी जुनी तबकडी उघडूं वा खरवडूं नये. ती धूळ शरीरास घातक आहे.

अंतर्गत पुरावा याहून मोलाचा. इंग्लंडांतील स्मिथ्स कंपनीच्या पुष्कळ वेगमापकांच्या तबकडीवर एक बारीक आंकडा असतो. यंत्र फिरविणाऱ्या तारेचे मैलामागें किती फेरे होतात, हें तो सांगतो. पत्रांतील तिथि व वार आपण जंत्रीवरून ताडून पाहतों, तसा हा आंकडा त्या मोटारीच्या गिअरशीं व चाकांच्या घेराशीं ताडून पाहावा. न जुळल्यास यंत्र अस्सल असेल, पण दुसऱ्या दप्तरांतील. तसेंच मैल व किलोमीटर. भारतांत दशमान मापांचा कायदा १९५६ मध्यें झाला. त्यापूर्वीं इंग्लंडहून येथें आलेल्या मोटारीवर किलोमीटरची तबकडी संशयास्पद ठरते. फ्रेंच मोटारीवर ती स्वाभाविक होय.

नक्कल करणें हा दोष नव्हे. मोटार चालती ठेवणारास चालतें यंत्र हवेंच; उघडपणें केलेली तालीक आम्ही दप्तरांतही आदरानें ठेवतों. दोष आहे तो नक्कल लपविण्यांत, आणि त्याहून मोठा दोष अस्सल फेंकून देण्यांत. मैलांची नोंद, कारागिरानें आंतून कोरलेली दुरुस्तीची खूण, उन्हानें उडालेला रंग, हें सर्व त्या मोटारीच्या इतिहासाचें साधन होय. तबकडी नव्यानें रंगविणें म्हणजे फिकट पत्रावर नवी शाई फिरविणें. यास्तव नव्या यंत्राच्या पाठीवर तें बनविल्याचें वर्ष कोरावें, व काढलेलें अस्सल यंत्र, काढल्याच्या तारखेच्या चिठ्ठीसह, मोटारीबरोबरच राखावें, अशी आमची संग्राहकांस विनंती आहे. मोटार विकली गेली, तरी ही जोडी फुटूं देऊं नये.