सर्वोत्तम गुणांचा निकष

अमेरिकेत ‘सॅट’ परीक्षेच्या कोणत्या खेपेचे गुण महाविद्यालयास धाडावेत, हे ठरविण्याची मुभा विद्यार्थ्यास २००९ साली मिळाली. सर्व गुण मागणारी महाविद्यालये तिला अपवाद होत. भारतात ‘जेईई मेन’पुरती ही निवड परीक्षायंत्रणाच करते. २०१९ पासून ही परीक्षा वर्षातून एकाहून अधिक वेळा होते व सरस गुणांवरून क्रम लागतो. एका दिवसाच्या अपयशाने वर्ष वाया जाऊ नये, हा हेतू स्तुत्यच. परंतु सरस गुण हे केवळ गुणवत्तेचे नव्हे, तर संधींच्या संख्येचेही फलित असते. जेऊरच्या विद्यार्थ्यास प्रत्येक खेपेस शुल्क भरून सोलापूर-पुण्यासारख्या शहरातील केंद्र गाठावे लागते. दुसरी खेप ज्यास परवडत नाही, त्याचे पहिलेच गुण ‘सर्वोत्तम’ ठरतात. म्हणून गुणांशेजारी प्रयत्नांची संख्याही विचारात घेणे न्याय्य होय.