फ्लशची इटली आणि आमचा वाघ्या

भित्रे कुत्रे घेऊन परदेशी राहायला गेलेल्या माणसाला सगळे जण सल्ला देतात. ज्यांच्याजवळ सल्ला नसतो, ते पुस्तक देतात. व्हर्जिनिया वुल्फबाईंचे ‘फ्लश’ मला असेच मिळाले. १९३३ सालचे हे पुस्तक म्हणजे एका कॉकर स्पॅनियल कुत्र्याचे चरित्र. आपल्याकडे चरित्र निघायला माणसाला निदान नगराध्यक्ष तरी व्हावे लागते; इंग्रजीत स्पॅनियल असले तरी भागते.

फ्लश हा कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांचा कुत्रा. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर, करड्या बापाच्या घरात, आजारी मालकिणीच्या पायाशी तो पडून असे. १८४६ साली बाईंनी रॉबर्ट ब्राउनिंगशी गुपचूप लग्न लावले आणि नवरा, मोलकरीण व फ्लश यांच्यासह इटली गाठली. पळून जाताना हा कुत्रा भुंकला नाही! आमच्या वाघ्याच्या भरवशावर कुणी पळून जायचे ठरवले असते, तर बाप, शेजारी आणि सोसायटीचा वॉचमन असे तिघेही निरोप द्यायला खाली आले असते.

वाघ्या पुण्याचा, गावठी. वाघ तेवढा नावात. कुकरची शिट्टी, उघडणारी छत्री, रद्दीवाला आणि दिवाळी यांना तो भितो. त्यामुळे आम्ही लंडनला आल्यावर ‘फ्लश’ मी वाचले ते करमणूक म्हणून नव्हे. घरात आजारी माणूस असताना वैद्यकाचे पुस्तक वाचावे तसे वाचले. त्याच नजरेने हे चार शब्द.

पहिली तक्रार प्रवासाची. बाई फ्लशला पेटीत घालतात, थोडा अंधार, थोडा खडखडाट, की एका परिच्छेदात पिसा हजर! भारतातून ब्रिटनला कुत्रा आणायचा म्हणजे आधी कातडीखाली मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग किमान ३० दिवसांनी रक्ताची तपासणी. ती उत्तीर्ण झाली तरी रक्त काढल्यापासून ३ महिने थांबायचे. पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत जंताचे औषध. आमच्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा इतका बारीक नव्हता. एवढे करून कुत्रा यायचा तो माल म्हणून, विमानाच्या पोटातून. २०१२ पूर्वी भारतातून आलेल्या कुत्र्याला इथे ६ महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. हे ऐकून सौ. म्हणाल्या, “म्हणजे नशीबच काढलं म्हणायचं!”

पण बाईंना भीती कळत नव्हती असे नाही. लंडनमध्ये चोर फ्लशला पळवतात आणि व्हाइटचॅपलच्या वस्तीत डांबून ठेवतात. खंडणी भरून तो सुटतो, तेव्हा मालकिणीला बिलगायचे सोडून आधी घटाघटा पाणी पितो. पुढे घरच्या ओळखीच्या पुरुषांतही त्याला चोर दिसू लागतात. ही पाने वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून वाघ्याकडे पाहिले.

आणि इटलीत पोचताच ही भीती कुठे जाते? जाते आपली! फ्लॉरेन्सला साखळी सुटते, फ्लश गल्ल्यांतून उंडारतो, भीतीचे नावच नाही. इथे माझे आणि बाईंचे बिनसते. बापाचा जाच मागे पडला तो एलिझाबेथचा. मोकळी झाली ती मालकीण. बाईंनी तिचा आनंद कुत्र्याच्या नावावर जमा केला आहे. माणसाची भीती देश बदलून कमी होत असेल. कुत्र्याची भीती पासपोर्ट मागत नाही, सोबतच येते. वाघ्या दिवाळीच्या आवाजातून सुटला म्हणून आम्ही पेढे वाटणार, तोच कळले की १६०५ साली पार्लमेंट उडवण्याचा कट फसला, त्याच्या आनंदात हे लोक ५ नोव्हेंबरला अजून दारूकाम उडवतात. शिवाय दिवाळीही इथे आहेच. वाघ्याने तो आठवडा पलंगाखाली काढला.

बाईंचा टोला बसतो तो कुळाच्या बाबतीत. फ्लश अस्सल बीजाचा. इटलीत पाहतो तर सगळी कुत्री संकरित. पुढे पिसवांपायी ब्राउनिंग कात्री चालवतात आणि केसांबरोबर फ्लशचा कुलीनपणाही गळून पडतो. वाघ्याची गत उलटी. इथे बागेत जो तो विचारतो, “जात कुठली?” मी सांगतो, “सदाशिव पेठ.” समोरचा आदराने मान डोलावतो.

आणि वास! फ्लशचे फ्लॉरेन्स बाईंनी नाकाने लिहिले आहे. पुस्तकातले हे सर्वांत खरे. वाघ्याला लंडन पटले ते नाकानेच. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आम्ही न धुता आणली होती. त्या वासावर तो झोपू लागला. रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने, तेच सात खांब. चौथ्या महिन्यात तो आपणहून दाराशी येऊन बसला, तोंडात साखळी घेऊन. फ्लशला साखळी सुटल्यावर धीर आला. वाघ्याला धीर येतो तो साखळीच्या दुसऱ्या टोकाला ओळखीचा हात असला तरच. हे बाईंच्या पुस्तकात नाही.

तेव्हा बंद घरातून सुटलेल्या एका बाईची हकिकत वाचायची असेल, तर ‘फ्लश’ जरूर वाचा. कुत्रा न्यायचा असेल, तर गोधडी न्या. धुऊ मात्र नका.