‘देवाची इच्छा’ : वेदरहेड यांच्या पुस्तकाचे पुनर्वाचन

लेस्ली वेदरहेड यांचे ‘द विल ऑफ गॉड’ हे लहानसे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. लेखक तेव्हा लंडनच्या सिटी टेंपल मंडळीचे पाळक होते. तेथील उपासनामंदिर १९४१ साली बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले होते, आणि श्रोत्यांत घरचे माणूस गमावलेले अनेक होते. त्यांच्यापुढे केलेली पाच प्रवचने या पुस्तकात आहेत. हे पुस्तक पुन्हा वाचताना त्याचे ऋण आम्ही प्रथम मान्य करतो. मग मतभेदाकडे वळू.

वेदरहेड देवाच्या इच्छेचे तीन प्रकार सांगतात : मूळ संकल्पित इच्छा, परिस्थितीतून आकारलेली इच्छा आणि अंतिम इच्छा. लोकांनी येशूला वधस्तंभी द्यावे हा देवाचा मूळ हेतू नव्हता, लोकांनी त्याला अनुसरावे हा होता; मानवी दुष्टतेने घडविलेल्या परिस्थितीत वधस्तंभ स्वीकारणे ही त्याची इच्छा ठरली; आणि त्यातूनही तारणाचा हेतू सिद्धीस गेला. प्रेषितांची कृत्ये २:२३ मध्ये पेत्र ज्या ठाम संकल्पाविषयी बोलतो, त्याच्याशी ही मांडणी पूर्णपणे जुळत नाही. तो वाद जुना आहे. येथे तो लांबवीत नाही.

पुस्तकाची खरी शक्ती त्यातील एका प्रसंगात आहे, आणि तो प्रसंग आपल्या देशातला आहे. पहिल्या महायुद्धानंतर वेदरहेड काही वर्षे मद्रासला पाळक होते. त्यांच्या एका भारतीय स्नेह्याचा लहान मुलगा पटकीने गेला. व्हरांड्यात उभा राहून तो पिता म्हणाला की ही देवाची इच्छा. जवळच त्याची उरलेली एकुलती मुलगी मच्छरदाणीत झोपली होती. वेदरहेड यांनी विचारले, कोणी रात्री येऊन पटकीच्या जंतूंनी भिजलेला कापसाचा बोळा या मुलीच्या तोंडावर ठेवला तर त्याला काय म्हणाल? मग तेच कृत्य देवाच्या माथी कसे मारता? अज्ञानाला अज्ञान म्हणा, नासक्या गटारांना गटारे म्हणा, असा त्यांचा रोख होता.

हे वाचताना आम्हांस आमचाच एक दफनविधी आठवतो. सीमाभागातील एका खेड्यात अतिसाराने एक मूल गेले. कबरेपाशी आम्ही देवाची इच्छा असे म्हटले आणि सर्वांनी माना डोलावल्या. विहीर तशीच उघडी राहिली. परतल्यावर हातपाय धुण्यासाठी आम्हांस पाणीही तिचेच मिळाले. ‘ईश्वरेच्छा बलीयसी’ हे आपल्या भाषेत इतके रुळले आहे की ते उच्चारताच विचारणा थांबते. ती थांबू नये, एवढे वेदरहेड यांनी आम्हांस शिकविले, आणि ते थोडके नव्हे.

तरीही त्या व्हरांड्यात त्यांनी योग्य वेळी योग्य शब्द बोलले असे आम्हांस वाटत नाही. शोकाकुल पित्याचे ते वाक्य सिद्धांत नसते. पुष्कळदा ते केवळ हुंदका आवरण्याचे साधन असते. त्याला तर्काने निरुत्तर करणे सोपे असते, परंतु ईयोबाच्या मित्रांचे सर्वांत चांगले दिवस ते गप्प बसले ते सातच होते. पित्याने जे म्हटले ते आणि पाळकाने जे म्हटले ते, शब्द तेच असले तरी, एक नव्हे. पाळकाने म्हणू नये. पित्याला म्हणू द्यावे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र चौथ्या प्रवचनाविषयी आहे. दैनंदिन जीवनात देवाची इच्छा ओळखावी कशी, हा त्याचा विषय. सदसद्विवेकबुद्धी, व्यवहारज्ञान, सुज्ञ मित्राचा सल्ला, थोरांची चरित्रे, मंडळीचा आवाज, अंतःप्रकाश अशा मार्गदर्शक खुणा तेथे दिल्या आहेत. प्रत्येक खूण चांगलीच आहे. पण त्या पाहणारा माणूस आरंभापासून शेवटपर्यंत एकटा आहे. मंडळी ही त्याला सल्ला देणाऱ्यांपैकी एक, इतकेच तिचे स्थान.

रोमकरांस पत्र १२:२ मध्ये देवाची इच्छा ओळखण्यासाठी पौलाने वापरलेले ग्रीक क्रियापद धातू किंवा नाणे कसास लावण्याच्या व्यवहारातही चालत असे, आणि तेथील संबोधन अनेकवचनी आहे. त्रोवस येथील प्रसंग तर अधिक बोलका आहे (प्रेषितांची कृत्ये १६). आसियात वचन सांगण्यास मनाई झाली, बिथुनियाची वाट बंद झाली, आणि रात्री मासेदोनियाचा मनुष्य पौलाला दिसला. दर्शन एकट्या पौलाला झाले. पण देवाने बोलाविले आहे हा निष्कर्ष ‘आम्ही’ काढला असे लूक लिहितो. तेथील ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ तुकडे एकत्र जुळविणे असा आहे. प्रेषितानेदेखील आपले दर्शन सोबत्यांपुढे ठेवले!

आपल्याकडे काय होते? वर्षारंभी वचनाची चिठ्ठी उचलावी, किंवा डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडावे आणि बोट पडेल ते वचन मुलीच्या स्थळाला लावावे. गोव्यात व कोकणात देवापुढे कौल लावण्याची रीत आहे. आपण तिला नावे ठेवतो आणि शास्त्राच्या पानांवर तीच चालवितो. मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या हे खरे, परंतु पन्नासाव्या दिवशी आत्मा उतरल्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत चिठ्ठ्यांचा उल्लेख पुन्हा येत नाही.

मंडळीने एकत्र पारख करावी म्हटले की पंचांची सभा डोळ्यांपुढे येते, आणि तेथील अनुभव फार उत्साहवर्धक नाही हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. बहुमताने ठरले ते देवाच्या नावावर खपविण्याची चूक एकट्याच्या भ्रमाहून घातक ठरू शकते. म्हणून कसोटी लावणाऱ्यांत निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडणार ते असावेत. जिचे लग्न ठरते आहे ती मुलगीही असावी. वर सांगितलेल्या दफनानंतर आठवड्याने त्या गावी पंच जमले होते. छपराचा खर्च आणि नाताळची वर्गणी हे विषय झाले. विहिरीचा विषय कोणी काढला नाही, आम्हीही नाही. तेथून रोज पाणी भरणाऱ्या स्त्रियांपैकी एकही त्या सभेत नव्हती.