क्रीडालेखनाचे घर आणि घराचे धनी

क्रीडावृत्त हा वाङ्मयाचा एक प्रकार मानावा की नाही, हा प्रश्न आमच्या रसिकमंडळींत कोणी गंभीरपणे विचारीत नाही. सामना झाला, आकडे छापले, दुसऱ्या दिवशी त्या कागदात वाण्याने पुडी बांधली, एवढाच त्याचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ह्या समजुतीस धक्का देणारी एक चळवळ गेल्या वीसबावीस वर्षांत अमेरिकेत होऊन गेली. ‘एसबी नेशन’ हा क्रीडाब्लॉगांचा समूह हे तिचे सर्वांत मोठे फळ होय. त्याच्या उदयाचा आणि त्याच्या मालकीच्या स्थित्यंतरांचा येथे विचार करावयाचा आहे. जे लेखन केवळ प्रेमापोटी जन्मास येते त्याचा धनी कोण, हा प्रश्न ह्या समूहाच्या चरित्रात जितका उघडा पडला आहे तितका इतरत्र क्वचितच पडला असेल.

आरंभ अगदी साधा आहे. 2003 साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या ‘अ‍ॅथलेटिक्स’ ह्या बेसबॉल संघाचा एक निस्सीम भक्त, टायलर ब्लेझिन्स्की, ह्याने आपल्या संघाविषयी ‘अ‍ॅथलेटिक्स नेशन’ ह्या नावाने जालावर लिहावयास सुरुवात केली. वार्ताहरांच्या कक्षात बसून टाळी वाजवू नये, असा त्या देशातील पत्रकारांचा जुना दंडक आहे. ब्लेझिन्स्कीने हा कक्षच नाकारला. तो प्रेक्षकांच्या बाकावर बसला, आणि ‘हा संघ माझा आहे’ हे प्रथमच कबूल करून मग बोलू लागला. पक्षपात हा टीकाकाराचा दोष खरा. परंतु कबूल केलेला पक्षपात हा दडविलेल्या पक्षपाताहून अधिक प्रामाणिक असतो. शिवाय आईस मुलाचे अवगुण शेजाऱ्यांहून अधिक ठाऊक असतात, त्याप्रमाणे ह्या भक्तांची टीकाही पगारी वार्ताहरांहून अनेकदा अधिक मर्मभेदी होई. ह्या लेखनाचे वाङ्मयीन मर्म, आमच्या मते, येथेच आहे.

2005 साली राजकीय लेखनाने प्रसिद्धीस आलेले मार्कोस मुलित्सास हे ब्लेझिन्स्कीस मिळाले आणि कंपनी उभी राहिली. प्रत्येक संघास स्वतंत्र घर, स्वतंत्र नाव, आणि त्या गावचाच लेखक, ही तिची योजना. हळूहळू अशी तीनशेहून अधिक घरे झाली. 2009 साली जिम बँकॉफ हे अनुभवी व्यवस्थापक सूत्रधार झाले. 2011 साली कंपनीने ‘व्हॉक्स मीडिया’ हे नाव धारण केले आणि क्रीडा हा तिच्या अनेक खात्यांपैकी एक विभाग झाला. 2015 साली ‘एनबीसी युनिव्हर्सल’ ह्या बलाढ्य प्रसारणसंस्थेने तिच्यात वीस कोटी डॉलर गुंतविले; 2023 साली ‘पेन्स्की मीडिया’ने सुमारे वीस टक्के भाग घेतला. प्रेक्षकांच्या बाकावर जन्मलेली वस्तू अशा रीतीने भागधारकांच्या मेजावर येऊन पोहोचली.

ह्या भांडवलाने काहीच साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2017 साली जॉन बॉइस ह्यांची ‘17776’ ही विलक्षण कथा ह्याच समूहाने प्रसिद्ध केली. सतराव्या सहस्रकानंतरच्या जगात मनुष्य अमर झाला आहे, आणि जाणीव प्राप्त झालेली अंतराळयाने त्याचे अखंड चाललेले फुटबॉलचे खेळ पाहत आहेत, अशी तिची कल्पना. मृत्यू गेल्यावर माणसाने वेळेचे करावयाचे काय, ह्या प्रश्नाचे ‘खेळ’ हे उत्तर तिच्यात जितके विनोदी आहे तितकेच करुण आहे. असे धाडस कोणत्याही प्रतिष्ठित वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठावर झाले असते, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु ह्या घरांचे रोजचे भाडे कोणी भरले? बहुतेक घरे चालविणारे लेखक अल्प मानधनावर, कित्येक तर विनावेतन, राबत होते. 2017 साली त्यांच्यापैकी काहींनी वेतनासाठी न्यायालयाचे दार ठोठावले. 2019 च्या अखेरीस, कॅलिफोर्नियात कंत्राटी श्रमिकांविषयीचा नवा कायदा अमलात येण्याच्या तोंडावर, कंपनीने तेथील सुमारे दोनशे लेखकांशी असलेला करार संपविण्याचे जाहीर केले. जानेवारी 2023 मध्ये हॉकी आणि सॉकर ह्या खेळांच्या बहुतेक घरांचा आधार काढून घेण्यात आला.

येथे कोणी म्हणेल की, लेखकांनी स्वखुशीने लिहिले. घर कंपनीचे, तेव्हा बंद करण्याचा अधिकारही तिचाच. कायद्याच्या दृष्टीने हे खरे असेल. तथापि विकत घेणाऱ्याने नेमके काय घेतले, हे पाहिले पाहिजे. नाव, यंत्रणा आणि जाहिरातींचे उत्पन्न खरेदीखताने हस्तांतरित होते. लेखक-वाचकांतील विश्वास होत नाही. ‘डेडस्पिन’ ह्या दुसऱ्या क्रीडापत्राचे उदाहरण बोलके आहे. ‘केवळ खेळाविषयीच लिहा’ ह्या मालकांच्या आज्ञेच्या निषेधार्थ 2019 साली तेथील लेखकवर्ग राजीनामे देऊन बाहेर पडला आणि पुढील वर्षी ‘डिफेक्टर’ हे लेखकांच्याच मालकीचे पत्र त्यांनी काढले. जुने नाव मालकांकडे राहिले. वाणी लेखकांबरोबर गेली. 2023 मध्ये आधार गेलेल्या घरांपैकी फिलाडेल्फियाचे ‘ब्रॉड स्ट्रीट हॉकी’ हेही असेच स्वतंत्रपणे पुढे चालू राहिले.

शेवटी पुनः ओकलंडकडे वळू. 13 जून 2023 रोजी तेथील हजारो प्रेक्षक हिरवे सदरे घालून मैदानात जमले आणि ‘संघ विका’ अशी मालकास उद्देशून गर्जना करू लागले. व्यर्थ! 26 सप्टेंबर 2024 रोजी त्या मैदानावर अखेरचा सामना झाला, आणि 1968 पासून ओकलंडचा म्हणविणारा संघ शहर सोडून गेला. ज्या प्रेमातून हा सारा लेखनप्रपंच उभा राहिला, त्या प्रेमाचा विषयही दुसऱ्याच्याच मालकीचा होता, हे त्या दिवशी कळून चुकले. भक्ताच्या हाती उरते ते त्याने लिहिलेले शब्द. आणि निदान त्या शब्दांचे घर तरी त्याने आपल्या नावावर करून ठेवावे, एवढाच बोध ह्या चरित्रातून आम्हांस घ्यावासा वाटतो.